ज्याचं झालं त्यानं उतरावं

मी रुळावरची एक गाडी बोलतेय. आगगाडी नव्हे, तेवढा माझा जीव नाही. चार लोखंडी चाकं, वर फळ्यांचा पाट, पाठीला पाठ लावलेली दोन बाकं, उन्हासाठी चार काठ्यांवर ताणलेलं कापड आणि पुढे एक खेचर, एवढाच माझा पसारा. युकातानातल्या ज्या गावात माझा जन्म गेला, तिथल्या शेवटच्या घरापासून जंगलातल्या डोहापर्यंत रुळांचे बाराशे बारा सांधे होते. प्रत्येक सांध्यावर चाक टक् करतं. मला दुसरं काही मोजायला नव्हतं, म्हणून मी सांधे मोजत आले. सातशे चारला जुनं देऊळ, बाराशे बाराला पाणी.

आज मी नऊशे एकतिसाव्या सांध्यापाशी आहे. रुळावर नाही. रुळापासून तीन हात बाजूला, रामोनच्या झाडाखाली, दोन चपट्या दगडांवर मला ठेवलंय. मला इथे कोणी टाकून दिलेलं नाही. नियमाने उतरवलंय.

माझी चाकं समुद्रापलीकडच्या कारखान्यात ओतली गेली, असं म्हणतात. ते मला आठवत नाही. आठवतं ते मळ्यावरचं सुतारखातं. तिथे चुकुमच्या लाकडाच्या फळ्या माझ्यावर ठोकल्या. त्या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही. मळा घायपाताचा होता. नजर जाईल तिथवर निळसर पात्यांच्या रांगा. माणसं पाती कापत, टोकाचा काटा आणि कडेचे काटे छाटत, पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधत आणि माझ्यावर रचत. आंबट वासाचा रस माझ्या फळ्यांमधून ठिबकायचा. पात्यांचा वाख निघे, वाखाचे दोर होत आणि ते दोर जहाजांवर जात. कापणाऱ्यांच्या हातांना मात्र काट्यांची भोकं राहत. तसल्या हातांनी मला ढकलणाऱ्यांत, पुढे माझा गाडीवान झालेल्या तात एर्मिलोचे वडील होते.

मग जगात प्लास्टिकचा दोर आला. गाड्यांना हे कोणी सांगितलं नाही. एका सोमवारी खेचरं जुंपली नाहीत, एवढंच आम्हाला कळलं. त्यानंतर एकोणीस वर्षं माझ्यावर कोंबड्यांनी अंडी घातली.

शेडचं छप्पर एका वादळात पडलं तेव्हा एर्मिलो हुचिमने मला ढिगाऱ्याखालून ओढून काढलं. तो तेव्हा तिशीत असेल. वाळूने घासून माझा गंज काढला, आसाला तेल दिलं. मग मी सरपण वाहिलं, मका वाहिला, मधाच्या पेट्या वाहिल्या. एकदा त्याच्या बायकोला आडवं निजवून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यापर्यंत पोचवलं. परत येताना माझ्यावर फक्त तिचं पांघरूण होतं. त्यांची मुलगी एल्मी त्या वर्षी नऊ वर्षांची होती.

पाहुणे आले ते त्यानंतर. जुन्या देवळाची आणि पाण्याची वाट विचारत दोघंजण आले, त्यांना एर्मिलोने माझ्यावर बसवून नेलं. त्यांनी आणखी चौघांना सांगितलं. काही वर्षांत गावात सात गाड्या झाल्या.

सकाळी निघायचं, आधी देऊळ, मग डोह, दुपारी परत, असा तो एका दिवसाचा फेरा. देऊळ म्हणजे गवत चढलेला एक उंचवटा, सत्तावीस पायऱ्या आणि भिंतीवर पावसाच्या देवाचं तोंड. त्याचं लांब नाक मोडलेलं आहे. तिथे राखणदार आर्सेनियो गवत कापतो आणि येईल त्याचं नाव वहीत लिहून घेतो. मोठ्या देवळांकडे माणसांच्या झुंडी जातात, इकडे क्वचित कोणी फिरकतं. माणसं इथे आली की आपोआप आवाज खाली आणत. हीच माणसं अर्ध्या तासाने पाण्याशी पोचली की किंचाळत. आणि परतीच्या वाटेवर ओल्या अंगाने बसून पुन्हा गप्प होत. तीस वर्षांत ह्यात फरक पडला नाही.

डोह मी कधी पाहिलेला नाही. जंगलात जमिनीचं छप्पर कोसळून एक गोल भोक झालंय, खाली पाणी आहे. माणसं मुळांना धरून, लाकडी शिडीने उतरतात. मी वर थांबते. खालचा आवाज रांजणातून यावा तसा येतो. मला पाणी ठाऊक आहे ते माणसांच्या अंगावरून माझ्यावर ठिबकलं तेवढं. ते वाळलं की फळीवर काही राहत नसे. ना पांढरं, ना पिवळं. इतकं ते निर्मळ होतं.

आता तो नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

रूळ एकच. जाणारी गाडी आणि येणारी गाडी समोरासमोर आली की एकीने रूळ सोडायचा. बसलेल्यांनी उतरायचं, खेचर सोडायचं, दोन्ही गाडीवानांनी मिळून गाडी उचलून बाजूच्या दगडांवर ठेवायची, दुसरीला जाऊ द्यायचं, आणि पुन्हा चढवायची. उतरायचं कुणी? परत येणारीने. तिचं देऊळ पाहून झालंय, तिचं पोहून झालंय. आमच्याकडे म्हण आहे, ज्याचं झालं त्यानं उतरावं. त्यावर भांडण होत नाही. फक्त एक पोटनियम आहे. एका गाडीवर पाहुणे असतील आणि दुसरीवर घरची माणसं, तर घरच्यांनी उतरायचं, मग ती जाणारी असो की येणारी. घरचं माणूस म्हणजे भार नव्हे, असं म्हणतात.

पाणी बिघडलं ते मला आधी वासाने कळलं. जंगलापलीकडे कुणीतरी डुकरांच्या लांबच लांब शेडा बांधल्या होत्या. इथली जमीन चुनखडीची, चाळणीसारखी. वर सांडलं ते खाली कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. पहिल्यांदा तोह पक्षी गेले. लंबकासारखी शेपटी हलवत ते डोहाच्या काठच्या कपारींत बसत. तोह दिसला की जवळ पाणी आहे असं समजायचं. मग ठिबकलेलं पाणी वाळल्यावर माझ्या फळ्यांवर करडी कड राहू लागली. मग एका पाहुणीच्या पाठीवर पुरळ उठलं, आणि तिने ते कुठे कुठे लिहिलं म्हणे.

हमरस्त्याजवळ दुसरा एक डोह होता. तिथे सिमेंटच्या पायऱ्या झाल्या. आमच्या सात गाड्यांच्या दोन राहिल्या, तात एर्मिलोची मी आणि कास्तो झुलची दुसरी.

तात एर्मिलो काय करी? रोज सकाळी मला जुंपून डोहावर जाई. वाखाचं जुनं पोतं दोन काठ्यांना ताणून पाण्यावरचा तवंग काठाला ओढी, टोपलीत भरी आणि लांब नेऊन पुरी. ती टोपली माझ्यावरूनच जाई. तिच्यावर तो केळीची पानं झाकायचा. एकदा साका नावाच्या मक्याच्या पेयाच्या तेरा वाट्या काठावर मांडून पाण्याच्या राखणदार देवांची क्षमाही मागून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तवंग होताच.

एल्मी आता चाळिशीची. अकरा वर्षांपूर्वी ती समुद्रकाठच्या मोठ्या शहरात गेली, तिथल्या एका हॉटेलात चादरींना इस्त्री करते. दर रविवारी फोन येई. तात तो माझ्या बाकावर बसून घेई, कारण अंगणात तेवढ्याच कोपऱ्यात आवाज नीट यायचा.

"किती गाड्या गेल्या आज?" ती विचारी.

"चार," तो सांगे.

त्या दिवशी बहुधा एकही गेलेली नसे. असं दोन वर्षं चाललं. मार्चमधल्या एका रविवारी ती म्हणाली, "चार-चार गाड्या जातात तर लोक खातात काय? पाण्यापाशी खानावळ घातली तर चालेल ना, तात? मला इस्त्रीच्या वाफेने आताशा दम लागतो. येऊन बघते. जमण्यासारखं असेल तर सामान घेऊनच येईन."

त्याने फोन ठेवला. मग उठला आणि खेचराला, पालोमाला, म्हणाला, "एल्मी येतेय गं." ते जनावर चरत राहिलं.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी त्याला जितकं राबताना पाहिलं तितकं घायपाताच्या काळातही कुणाला पाहिलं नव्हतं. माझी एक कुजकी फळी बदलली. मला निळा रंग दिला. बाकांवर कापूस भरलेल्या गाद्या शिवून घातल्या. डोहाच्या तोंडाशी चार खांब रोवून ताडाच्या पानांनी एक खोपटं शाकारलं, आत तीन दगडांची चूल मांडली. आणि रविवारच्या आधी कास्तोला अंगणात बोलावून घेतलं.

कास्तो म्हणजे त्याचा जन्माचा मैतर. एल्मी तीन महिन्यांची असताना आमच्या रिवाजाप्रमाणे तिला पहिल्यांदा कमरेवर घेऊन टेबलाभोवती नऊ फेऱ्या मारायचा मान त्याचा होता.

"तुझ्या गाडीवर माणसं बसव," तात म्हणाला.

"कुठली माणसं? पाच आठवडे झाले, माझ्या गाडीवर फक्त माशा बसतात."

"तुझ्या सासुरवाडीची. एल्मी त्यांना ओळखत नाही. चांगले कपडे घालून आण, देवळापाशी न थांबता थेट पाण्यावर. आम्ही पोचू तेव्हा ते पाण्यात पोहत असले पाहिजेत."

कास्तोने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे पोरगीला फसवायचं."

"फसवायचं कसलं? पूर्वी असायचे की नाही पाहुणे? असायचे. मग ती येऊन राहिली, हातची चव लोकांना कळली, की पुन्हा येतील. मी फक्त आधी दाखवतोय."

"आणि वास?"

"वास मी पहाटे काढतो."

"एर्मिलो, वास टोपलीत भरून निघतो होय?"

कास्तोने पुन्हा टोपी घातली. "सासूला पँट घालायला लावावी लागेल," तो म्हणाला. "ते काम तू कर. मला जेवायला जायचं असतं तिच्याकडे."

एल्मी रविवारी सकाळच्या बसने आली. हातात एकच पिशवी. सामान नव्हतं. तात ते पाहून म्हणाला, "बाकीचं मागून येईल ना?" ती म्हणाली, "आधी बघू तर द्या." मग तिने माझ्यावरून हात फिरवला. "नवरीसारखं नटवलंय हो हिला."

ती बसली तेव्हा मला तिचं वजन नवं वाटलं. गेली तेव्हा ती हलकी होती. तिच्या तळव्यांवर रेषा उरल्या नव्हत्या, वाफेने गुळगुळीत झाले होते. पालोमा चालू लागली, चाकं बोलू लागली, आणि तात बोलू लागला. पाहुण्यांना काय आवडतं, कोण कुठून येतं, खानावळीत दोन टेबलं पुरतील की तीन. ती ऐकत होती, मधूनमधून हसत होती. एप्रिलचं ऊन होतं, शेतं जाळल्याचा धूर झाडांतून येत होता. चारशेव्या सांध्यापर्यंत मलाही वाटलं की जमेल.

सातशे चारला आम्ही थांबलो. आर्सेनियो उठून उभा राहिला.

"एल्मी का ही? आईसारखी दिसायला लागलीस."

"तुम्ही मात्र त्या देवासारखे दिसता. तुमचं नाक तेवढं शाबूत आहे."

आर्सेनियो हसला, आणि सवयीप्रमाणे वही पुढे केली. "नाव लिही बाई. घरचं असलं तरी लिहायचं, सरकारी काम आहे." पेन्सिलीला त्याने टोक काढलेलं होतं. तात एर्मिलोने सगळं योजलं होतं, पण ह्या वहीची आठवण त्याला झाली नव्हती. तो पालोमाचा पट्टा आवळत पाठमोरा उभा होता.

एल्मीने वही माझ्या बाकावर ठेवून नाव लिहिलं. लिहून झाल्यावर तिचं बोट तिच्या नावाच्या वर गेलं. वरचं नाव सदतीस दिवसांपूर्वीचं होतं. मग तिने मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं उलटलं. आर्सेनियो काही विचारणार तेवढ्यात तिने वही मिटून त्याच्या हातात दिली.

"चला तात," ती म्हणाली. "पायऱ्या नाही चढत आज. पाण्याकडे चला."

पुढे तात बोलतच होता. रविवारी तर विचारू नकोस, म्हणत होता, एकमेकांना वाट देता देता दमतो आम्ही. ती "हो" म्हणत होती. प्रत्येक वेळी "हो" म्हणत होती. मला सांधे मोजायला जड गेलं.

नऊशे एकतिसाव्या सांध्याला समोरून कास्तोची गाडी आली.

ती तिथे यायला नको होती. ती ह्या वेळी डोहापाशी असायला हवी होती. कास्तोने लगाम ओढला. दोन्ही खेचरांची तोंडं हातभर अंतरावर आली. त्याच्यामागे तीन पाहुणे बसले होते. त्याचा मेव्हणा गळ्यात कॅमेरा घालून, मेव्हण्याची बायको काळा चष्मा लावून आणि सासू. म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली होती आणि दोन्ही गुडघे हातांनी झाकून ती बसली होती. तिघांचेही केस कोरडे होते.

"एवढ्यात?" तात म्हणाला.

"पाहुण्यांना घाई आहे. त्यांना पुढे जायचंय."

"पुढे कुठे?" एल्मीने विचारलं.

"पुढे," कास्तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "बरी आहेस ना, पोरी? बारीक झालीस."

"जाड झालेय मी. पाहुणे कुठले?"

"लांबचे."

तेवढ्यात म्हातारी आमच्या माया भाषेत म्हणाली, "जावईबापू, आता घरी चला. त्या वासाने माझं डोकं उठलंय. असल्या पाण्यात मी पाय घालायची नाही, सांगून ठेवते."

मेव्हणा खोकला. कास्तोने आभाळाकडे पाहिलं.

"लांबच्या लोकांना आपली भाषा छान येते," एल्मी म्हणाली.

"हल्ली शिकून येतात," कास्तो म्हणाला.

आता कुणीतरी रूळ सोडायला हवा होता. कास्तोची गाडी परतीची. तिच्यावर त्याची सासू होती, म्हणजे घरचंच माणूस. साध्या हिशेबाने त्याने उतरायचं होतं, आणि तो उतरलाही. खेचर सोडायला त्याने हात घातला.

"थांब," तात एर्मिलो म्हणाला. "तुझ्या गाडीवर पाहुणे आहेत. माझ्या गाडीवर घरचं माणूस. मी उतरवतो."

"अरे पण एर्मिलो..."

"नियम आहे."

कास्तोने खेचरावरचा हात काढला. तीन पाहुण्यांसमोर, मुलीसमोर, त्या म्हाताऱ्याला एवढंच एक खरं ठेवायचं होतं, की ते पाहुणे आहेत. त्यासाठी मला उचलणं भाग होतं. एल्मी खाली उतरली. पालोमा सोडली. कास्तोने मागची बाजू धरली, तात एर्मिलोने पुढची. मी हजारदा अशी उचलली गेले आहे. त्या हातांची सवय माझ्या लाकडाला आहे. त्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत उठले आणि तिथेच थांबले. तात एर्मिलोच्या पाठीतून एक बारीक आवाज आला. त्याने फक्त डोळे मिटले. मेव्हणा उठणार होता, कास्तोने मान हलवून त्याला बसवलं. पाहुणे गाड्या उचलत नाहीत.

"तात, सरका," एल्मी म्हणाली.

तिने तिचे गुळगुळीत तळवे त्याच्या हातांशेजारी लावले आणि मला उचललं. जवळजवळ सगळा भार तिनेच घेतला. ती एका वाक्यात सगळं संपवू शकली असती. पण तसं बोलण्यापेक्षा तिला मला उचलणं सोपं गेलं.

कास्तोची गाडी टक् टक् करत निघून गेली. म्हातारीने वळून आम्हाला हात केला. पाहुणे हात करतात, असं तिला सांगून ठेवलेलं असणार.

डोहापाशी पोचल्यावर तात एका हाताने कंबर धरून उतरला. "इथे चूल," तो म्हणाला, "इथे तू उभी राहशील. वारा ह्या बाजूने येतो, धूर तिकडे जाईल." एल्मीने वर हात लावून पानं पाहिली. "छान शाकारलंय," ती म्हणाली. "मी पाण्यात उतरते. कपडे आणलेत."

"थांब. आधी मी जातो. शिडी निसरडी आहे."

दोघं खाली गेली. मला वरून फक्त आवाज आले. एकच धप्पकन आवाज, म्हणजे तोच उतरला. मग त्याचा मोठा, घुमणारा आवाज.

"बघ. छान आहे. पूर्वीसारखंच गार आहे."

मग पाण्यावर हात आपटल्याचा आवाज आला.

"गोडही आहे. हे बघ."

"पिऊ नका, तात."

"लहानपणापासून पितोय मी हे."

"तात, पिऊ नका ना."

मग ती म्हणाली, "तोह कुठे गेले?"

"येतील. त्यांचा हंगाम नाही."

"आत्ताच असतो त्यांचा हंगाम," ती म्हणाली. "मला तुम्हीच दाखवायचात."

ती वर आली तेव्हा कोरडी होती. तो ओला होता. माझ्या नव्या निळ्या रंगावर तो बसला, आणि त्याच्या अंगाचं पाणी वाळून तिथे करडी कड उमटली. एल्मी पाठच्या बाकावरून वळून ती कड वाळताना पाहत होती.

परतताना समोरून कोणी आलं नाही. कोणी येणारही नव्हतं. सहाशेव्या सांध्याच्या आसपास तिने विचारलं, "त्या शेडवाल्यांकडे गेला होतात?"

"सगळे गेलो होतो. ते म्हणाले, जमिनीखालचं पाणी कुठून येतं ते कुणी पाहिलंय?"

"मग?"

"मग तेरा वाट्या साका ठेवला."

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला तिकडची नोकरी सोडता येणार नाही, तात."

"मी कुठे सोड म्हटलं?"

"खोपटं बांधलंत."

"ते पानांचं आहे," तो म्हणाला. "पडेल."

मग ती म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर पालोमाला कसं चढवणार?"

त्यावर मात्र ती हसली. हसता हसता तिने तोंड दुसरीकडे केलं आणि गावापर्यंत तिकडेच ठेवलं.

चौथ्या दिवशी तात एर्मिलोच्या अंगावर पुरळ आलं, पोट बिघडलं. तीन आठवडे तो खिळल्यासारखा झोपायच्या झोळीत पडून होता. कास्तो पेज करून आणी आणि शिव्या देई. "पिऊन दाखवायला कुणी सांगितलं होतं? म्हाताऱ्या, तू काय देव आहेस?" त्याच दिवसांत गावाची सभा झाली. दोन गाड्यांसाठी रूळ कशाला, असं ठरलं. लोखंड उपटून न्यायला माणसं येणार होती. कास्तोने हात वर केला नाही, पण त्याच्या एका हाताने काय होतं. त्यानंतर तात एर्मिलो एल्मीकडे शहरात जायला तयार झाला.

एल्मी न्यायला यायच्या आदल्या सकाळी त्याने मला जुंपलं. कास्तोही बसला. मला वाटलं डोहावर चाललोय. नऊशे एकतिसाव्या सांध्याला त्याने पालोमाला थांबवलं.

"हिला इथे उतरवू," तो म्हणाला.

"इथे? वेड लागलं का? माझ्या शेडमध्ये ठेवू की."

"रुळावर उभी राहिली तर वाट अडेल."

"कुणाची वाट? कोण यायचं राहिलंय, एर्मिलो?"

"ते मला काय माहीत," तो म्हणाला. "ज्याचं झालं त्यानं उतरावं, एवढं मला माहीत आहे."

दोघांनी पहार लावून, थांबत थांबत, मला दगडांवर ठेवलं. तात एर्मिलोने चाकांना पाचर मारली, वरचं कापड सोडून घडी घातली आणि बाकाखाली सारली. मग पालोमाचा दोर कास्तोच्या हातात दिला आणि दोघं गावाकडे चालत गेले. तो पुढे होता. त्याने वळून पाहिलं नाही, त्याची मान वळत नव्हती.

रूळ उपटणारी माणसं पावसाआधी आली. डोहाकडून सुरुवात करून ती गावाकडे सरकत गेली. मी घणाचे आवाज मोजले. माझ्यासमोरचा सांधा त्यांनी काढला तेव्हा खालच्या मातीत दोन ओल्या रेषा राहिल्या. आता तिथे गवत आहे. माझी चाकं लोखंडाची आहेत, हे त्यांतल्या एकाने पाहिलं आणि माझ्या फळीवर खडूने फुली मारून ठेवली. म्हणजे ते परत येणार आहेत.

कास्तो कधीकधी पालोमाला चारायला इकडे आणतो आणि माझ्यावर बसतो. फोन लागला तर इथूनच बोलतो. तात एर्मिलोचा आवाज मला बारीक ऐकू येतो. तिसऱ्या मजल्यावर झोळी टांगायला भिंतीत कड्या मिळाल्यात, खिडकीतून समुद्र दिसत नाही, एल्मी रात्रपाळीला असते, असं काहीबाही सांगतो. रूळ खरोखरच काढून नेले, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. शेवटी तो नेहमी तेच विचारतो.

"किती गाड्या गेल्या आज?"

आणि कास्तो समोरच्या गवताकडे बघत सांगतो, "चार."

तुम्ही कधी इकडे आलात तर मला रुळावर ठेवा असं मी म्हणणार नाही. रूळच नाहीत. पाण्यातही उतरू नका. देवळापाशी मात्र थांबा आणि आर्सेनियोच्या वहीत नाव लिहा. तो अजून पेन्सिलीला टोक काढून बसतो, आणि एल्मीच्या नावाखालची ओळ रिकामी आहे.

माझं म्हणाल तर, खडूची फुली पावसाने पुसली तरी खाचेत थोडी उरलीये. नियम मी पाळला. समोरून कुणी येईल म्हणून मला उतरवलं होतं. अजून कोणी आलेलं नाही.